बिनव्याजी उसनवारी

केंद्राचा अर्थसंकल्प मांडला गेला, की दुसऱ्या दिवशी काय स्वस्त झाले आणि काय महागले याची कोष्टके छापून येतात. वाचक ती उत्सुकतेने वाचतात आणि आठवड्याभरात विसरतातही. ही कोष्टके निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु घरखर्च ज्या हातांना चालवावा लागतो, त्या हातांपुढे महिनाअखेरीस दोन प्रश्न उभे असतात. पैसे किती येणार, हा पहिला. आणि ते केव्हा येणार, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची चर्चा संसदेपासून पानाच्या गादीपर्यंत सर्वत्र होते. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र कोणत्याही कोष्टकात रकाना नसतो. राष्ट्रीय आर्थिक धोरण सामान्यांच्या घरात शिरते, ते बहुधा या दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने, असे आमचे मत झाले आहे. ते का झाले, हे सांगण्यासाठी आज आम्ही वाचकांना किनाऱ्यापासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशी तापीकाठी नेऊ इच्छितो.

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हे शहर आज महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असले, तरी खानदेशशी असलेले त्याचे नाते राज्यपुनर्रचनेने तुटले नाही. रावेर, जळगाव येथे त्याच्या सोयरिकी आहेत आणि बाजारात हिंदी व उर्दूइतकीच मराठीही कानी पडते. इतिहासाच्या पुस्तकांत हे शहर फारुकी सुलतानांची राजधानी आणि १६३१ साली मुमताज महलचा जेथे अंत झाला ते ठिकाण म्हणून भेटते. परंतु त्याची खरी कीर्ती कापडाची. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने, येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे नमूद केले आहे. सुरतेच्या बंदरात गलबते भरत ती या मालाने. पश्चिम किनाऱ्याचे आणि बऱ्हाणपूरच्या मागाचे नाते असे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे आहे.

ते माग आज विजेवर चालतात. शहरात आणि शहराला लागून असलेल्या बहादरपूरसारख्या गावांच्या परिसरात यंत्रमागांची संख्या हजारोंनी मोजावी लागते आणि तेथील कष्टकरी कुटुंबांचा मोठा भाग या ना त्या रीतीने सुतावर जगतो. या धंद्याची रचना ध्यानात घेतली पाहिजे. सुताचा मालक एक, मागाचा मालक दुसरा आणि माग चालविणारा तिसरा, असे येथे पुष्कळदा असते. भांडवलदार व्यापारी सुताची बिमे देतो, मागवाला मीटरमागे ठरलेल्या मजुरीने कोरे कापड विणून परत करतो. इचलकरंजीत अशांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. त्या मजुरीतून वीजबिल, दुरुस्ती आणि कामगाराचा पगार वजा जाऊन जे उरेल ते मागवाल्याचे. कामगाराचा पगार आठवड्याचा आणि तोही विणलेल्या मीटरांवर. कांड्या भरण्याचे काम पुष्कळदा घरच्या बायकांच्या हाती. माग थांबला की मीटर थांबले, मीटर थांबले की पगार थांबला. रजा, आजारपण, निवृत्तिवेतन या शब्दांना तेथे फारसा अर्थ नाही. मागावर बसणारा मोमीन असो वा कोष्टी, सण ईदचा असो वा दिवाळीचा, हिशेब सर्वांचा एकच. मिळकत आठवड्याची, घरभाडे महिन्याचे, शाळेची फी सहामाहीची आणि लग्नकार्याचे देणे वर्षानुवर्षांचे. या चार मुदतींची सांगड घालण्याच्या कसरतीलाच तेथे संसार म्हणतात.

अशा घराजवळ शिल्लक नसते, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. शिल्लक नसणे म्हणजे काय, याचा विचार मात्र थोडेच करतात. ज्याच्याजवळ सहा महिन्यांची पुंजी आहे, त्याचे पैसे दोन महिने उशिरा आले तर त्याला त्रास होतो. ज्याच्याजवळ चार दिवसांचे दाणे आहेत, त्याचे पैसे दोन आठवडे उशिरा आले तर त्याला कर्ज होते. तो वाण्याकडे उधारी मांडतो आणि उधारीवर घेणारा भावाची घासाघीस करू शकत नाही. तो मागवाल्याकडून उचल घेतो आणि उचल फिटेपर्यंत त्याला दुसऱ्याच्या मागावर जाता येत नाही. त्याहून अधिक लागले, तर घरधनिणीच्या गळ्यातले गहाण पडते. सावकाराचा दर शेकडा तीन रुपये महिना असेल, तर तो वर्षाचा ३६ टक्के झाला. विलंब हा श्रीमंताच्या घरी केवळ विलंब असतो. गरिबाच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकताच त्याचे व्याज होते. दिल्लीत घेतलेला निर्णय योग्य की अयोग्य याचा वाद अर्थपंडितांनी खुशाल घालावा. तो निर्णय अमलात येऊन स्थिरस्थावर होईपर्यंतचा जो काळ, तो कोणी आपल्या पदरचा खर्चला, एवढाच आमचा प्रश्न आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्या. देशात फिरणाऱ्या चलनाच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के मूल्य या दोन नोटांत होते. त्यानंतर व्यापाऱ्यांना चालू खात्यातून आठवड्याला ५० हजार रुपयांपर्यंत रोकड काढण्याची मुभा देण्यात आली. मागाच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो, हे साध्या त्रैराशिकाने कळते. समजा, एखाद्याच्या पदरी ४० कामगार आहेत. सगळी रोकड त्याने केवळ पगारावर खर्च केली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे १,२५० रुपये येतात आणि सूत, सुटे भाग यांसाठी एक पैसाही उरत नाही. पैसा बँकेत होता, हिशेबात होता, कागदावर कोणाचेही काही बुडाले नव्हते. बुडाले होते ते आठवडे. रिझर्व्ह बँकेने पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर केले, की बाद झालेल्या नोटांच्या मूल्यापैकी ९९.३ टक्के मूल्य बँकांत परत आले. सरकारच्या वहीत जमाखर्च जुळला. ज्या घरांनी त्या हिवाळ्यात उचल घेतली त्यांच्या वहीत तो जुळला का, हे विचारावयास कोणी गेले नाही.

त्या धक्क्यातून धंदा उठून बसतो न बसतो तोच १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. एक देश, एक कर ही कल्पना मुळात वाईट नाही. किंबहुना बऱ्हाणपूरसारख्या सीमेवरच्या गावाला, राज्याराज्यांचे विक्रीकर नाके उठले ही गोष्ट उपकारक झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु या कराची घडी बसवताना कृत्रिम धाग्यावर १८ टक्के आणि त्याच्या कापडावर ५ टक्के असे दर ठेवले गेले. तीन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, सुतावरचा दर १२ टक्क्यांवर आणला. पण उतरंड उलटीच राहिली. शंभर रुपयांचे सूत घेतले की १२ रुपये कर आधी भरावयाचा. त्याचे दीडशे रुपयांचे कापड विकले, तर त्यावर वसूल होणारा कर साडेसात रुपये. उरलेले साडेचार रुपये सरकारजमा. वर्षाला दहा लाखांचे सूत घेणाऱ्याचे अशा रीतीने ४५ हजार रुपये अडकतात. इतर धंद्यांत असा अडकलेला कर परत मागता येत होता. कापडाला मात्र ती वाट सुरुवातीला बंद ठेवण्यात आली.

तेरा महिन्यांनी, १ ऑगस्ट २०१८ पासून, परताव्याचे दार उघडले. परंतु त्याच अधिसूचनेने ३१ जुलै २०१८ पर्यंत साचलेली रक्कम व्यपगत ठरविली. म्हणजे साध्या मराठीत बुडीत काढली. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ साली हा भाग कायद्याबाहेरचा ठरविला, ही समाधानाची गोष्ट होय. पण न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत असलेल्या कारखानदाराने मिळविलेला न्याय मागवाल्याच्या गल्लीत पोहोचण्यास आणखी किती काळ लागतो, हे वाचकांनीच ताडावे. शिवाय ज्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेहून कमी, त्या छोट्या विणकरांना सुतावर भरलेल्या कराची वजावटच नाही. परतावा हा शब्द त्यांच्यापुरता शब्दकोशातच राहिला.

येथे एक आक्षेप येईल. हा सारा मामला व्यापारी आणि सरकार यांच्यातला. मजुराच्या घराशी त्याचा संबंध काय? संबंध असा, की व्यापाऱ्याचे जे भांडवल करात अडकते, तेवढ्या किमतीची बिमे तो कमी देतो. बिमे कमी म्हणजे माग रिकामे. माग रिकामे म्हणजे मीटर कमी. आणि पगार तर मीटरांवरच. व्यापाऱ्याचे साडेचार रुपये अडकले, याची नोंद संगणकात होते. मजुराचे दोन दिवस रिकामे गेले, याची नोंद कोठेच होत नाही. उतारावर पाणी जसे शेवटच्या खाचरात साचते, तसा धोरणाचा विलंब ओघळत ओघळत शेवटच्या घरात येऊन साचतो. त्या घराला तो आणखी खाली लोटता येत नाही, कारण त्याच्या खाली कोणी उरलेले नसते.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो. कर भरण्यास व्यापाऱ्याने विलंब केला, तर त्याच्यावर दरसाल १८ टक्के दराने व्याज बसते. आणि परतावा देण्यास सरकारने विलंब केला तर? अर्ज केल्यापासून ६० दिवस उलटून गेल्यावर सरकार व्याज देते ते दरसाल ६ टक्के दराने. रुपया तोच, देश तोच, विलंबही तोच. परंतु प्रजेच्या विलंबाची किंमत सरकारच्या विलंबाच्या तिप्पट. सावकारशाहीविरुद्ध कायदे करणाऱ्या राज्यसंस्थेला हा फरक खटकू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

उलट्या उतरंडीचा हा दोष अखेर दूर झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतू, सूत आणि कापड या तिन्हींवर ५ टक्के असा एकच दर आला. हा निर्णय योग्य होता आणि त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना आम्ही देतो. परंतु जी गोष्ट २०१७ साली मागवाल्यांना कळत होती, ती करविण्यास आठ वर्षे लागली. या आठ वर्षांत पहिलीतले पोर नववीत जाते, किंवा शाळा सोडून मागावर बसते.

आता कारखानदारीकडे पाहू. बऱ्हाणपूरची ताप्ती मिल ही विसाव्या शतकाच्या आरंभीची कापड गिरणी. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मार्च २०२० मध्ये महासाथीच्या टाळेबंदीत महामंडळाच्या चालू असलेल्या देशभरच्या २३ गिरण्या थांबल्या, त्यांत तीही थांबली. टाळेबंदी उठली, गिरण्यांचे भोंगे मात्र पूर्ववत वाजले नाहीत. त्या बंद झाल्या असेही कोणी म्हणेना आणि चालू आहेत असे म्हणण्याची सोय नव्हती. कामगारांच्या हाती काही काळ अर्धे वेतन पडत राहिले आणि त्यासाठीही त्यांना वाट पाहावी लागली. गिरणी बंद झाल्याचे एकदा जाहीर झाले असते, तर माणूस रडला असता आणि दुसरे काम शोधण्यास निघाला असता. अर्ध्या पगाराच्या आशेवर टांगलेला माणूस धड इकडचा राहत नाही, धड तिकडचा. बहादरपूरच्या सहकारी सूतगिरणीची कथाही याहून वेगळी नाही. गिरणी बंद पडली आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली.

त्याच राज्यातील इंदूरची हुकुमचंद मिल १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. समारंभ झाला, भाषणे झाली, हारतुरे झाले. देणे फिटले हे चांगलेच झाले. परंतु ज्या कामगाराने मुलीच्या लग्नासाठी या पैशाची वाट पाहिली, त्याच्या नातीचे लग्न ठरण्याची वेळ आली होती, आणि कित्येकांच्या वतीने सही करण्यास वारस आले होते. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्या शेतकऱ्याने उगाच रचलेली नाही.

आमच्या वाचकांना हे दुःख परके वाटू नये. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खेड्यापाड्यांनी मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविली आणि मुंबईच्या मनीऑर्डरीने त्या खेड्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप रीतसर मिटला असे कोणी जाहीर केले नाही. गिरण्याही अशाच, धड बंद नाहीत आणि धड चालू नाहीत, अशा अवस्थेत विझत गेल्या. पोस्टमन दारावरून पुढे जाऊ लागला, तेव्हा कोकणातल्या बायकांना औद्योगिक धोरण म्हणजे काय ते कळले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्या जमिनीवर ज्यांचा घाम सांडला होता त्यांच्यासाठी घरांची योजना निघाली आणि दीड लाखांहून अधिक अर्ज आले. त्यांतले कित्येक अर्जदार सोडतीची वाट पाहतच गेले. बऱ्हाणपूरच्या लालबागेत आणि मुंबईच्या लालबागेत अंतर पुष्कळ आहे. परंतु वाट पाहण्याची जात एकच आहे.

आणि आमच्या दर्यावर्दी बांधवांचे काय? मासेमारी नौकांना लागणाऱ्या डिझेलवरील करात सवलत आहे, असे राज्य सरकारे सांगतात आणि ते खरेही आहे. पण ही सवलत परताव्याच्या रूपाने येते. डिझेल आज पूर्ण दराने घ्यावयाचे, नौका आज समुद्रात लोटायची, खलाशांना आज पैसे द्यावयाचे आणि कराचा परतावा सरकारच्या सवडीने मिळवावयाचा. परताव्याच्या थकबाकीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना पुनःपुन्हा निवेदने घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या का चढाव्या लागतात, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. तापीकाठचा मागवाला आणि अरबी समुद्राकाठचा नाखवा यांनी एकमेकांना कधी पाहिले नसेल. परंतु दोघांच्याही वहीत ‘सरकारकडून येणे’ हा रकाना आहे आणि तो दोघांनाही सारखाच छळतो.

स्वयंपाकघरातला गॅस घ्या. १ जानेवारी २०१५ पासून अनुदान थेट बँकखात्यात जमा करण्याची योजना देशभर लागू झाली. बनावट जोडण्यांना आळा घालण्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. परंतु तिच्यामुळे गृहिणीला पूर्ण किंमत आधी मोजावी लागू लागली आणि अनुदान मागाहून येऊ लागले. २०२० च्या मध्यापासून बहुतेक घरांपुरते ते येणेही थांबले. दिल्लीत मार्च २०२३ मध्ये सिलिंडर १,१०३ रुपयांना गेले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपयांनी ते उतरविले गेले, उज्ज्वला योजनेतील बायकांना अधिक सवलत मिळाली. तरीही तत्त्व तेच राहिले. महिन्याच्या विसाव्या दिवशी हजार रुपये एकरकमी काढणे ज्या घराला जमत नाही, त्याला तीनशे रुपये नंतर मिळतील हे आश्वासन देऊन चूल पेटत नाही. ते घर लाकडाकडे वळते.

सरकार वेळेवर देऊच शकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. एप्रिल २०२० पासून दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देण्याची योजना आली आणि १ जानेवारी २०२४ पासून ती पाच वर्षांसाठी पुढे चालविली गेली. सुमारे ८१ कोटी लोकांसाठी असलेल्या या योजनेविषयी मतभेद असू शकतील. परंतु धान्य महिन्याच्या महिन्याला हाती पडते. आधी विकत घ्या, मग पावती लावा, मग परतावा मागा, असे तेथे नाही. म्हणूनच माग बंद पडलेल्या घरांना त्या धान्याने जो आधार दिला, तो शेकडो कोटींच्या पॅकेजांना देता आला नाही.

छोट्या उत्पादकांची बिले ४५ दिवसांच्या आत चुकती न केल्यास ती रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही, ही आयकरातील तरतूदही २०२३ च्या अर्थसंकल्पाने आणली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. कापडबाजारात तिच्याविरुद्ध बरीच ओरड झाली. नोंदणीकृत छोट्या उत्पादकाकडून माल घेणेच टाळण्याची वाटही काहींनी शोधली. तरीदेखील विलंबाला किंमत असते, हे तत्त्व त्या तरतुदीने कायद्यात लिहिले, म्हणून आम्ही तिचे स्वागतच करतो. आमचे म्हणणे एवढेच, की जो नियम व्यापाऱ्याला लावला, तो सरकारने स्वतःलाही लावावा.

मनात आणले तर सरकार किती वेगाने चालू शकते, हे तर आपल्या किनाऱ्यानेच पाहिले आहे. २० सप्टेंबर २०१९ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक पणजीत भरली होती. त्याच दिवशी, त्याच पणजीत, अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरील कर २२ टक्क्यांवर आणि नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्क्यांवर आणल्याची घोषणा केली. सरकारच्याच अंदाजाने हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल होता. अध्यादेश त्याच दिवशी निघाला आणि सवलत त्या आर्थिक वर्षाच्या आरंभापासून, म्हणजे जवळजवळ सहा महिने मागे जाऊन, लागू झाली. या करकपातीच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु मोठ्या कंपन्यांना सवलत मिळते तेव्हा ती मागील तारखेपासून मिळते आणि मागवाल्याला परतावा मिळतो तेव्हा मागची बाकी बुडीत धरून मिळतो, हा योगायोग आहे की स्वभाव आहे, याचा विचार वाचकांनी करावा.

आर्थिक सुधारणांना वेळ लागतो, संक्रमणकाळात थोडी कळ सोसावी लागते, हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. बाळंतपणाच्या वेणा चुकत नाहीत. या देशाने स्वातंत्र्यासाठी, धरणांसाठी, अन्नस्वावलंबनासाठी कळ सोसलेली आहे आणि ती सोसणाऱ्यांत सामान्य माणूसच अग्रभागी होता. परंतु कळ सोसण्याचे आवाहन करणे वेगळे आणि ती कोणाच्या अंगावर टाकावयाची हे न सांगता ठरविणे वेगळे. सरकारला पैसा हवा असेल तर ते रोखे विकते आणि त्यांवर व्याज देते. विणकराच्या, कामगाराच्या, नाखव्याच्या घरातून ते जो काळ उसना घेते, त्याचा ना रोखा निघतो, ना व्याज मिळते, ना परतफेडीची तारीख ठरते. ही बिनव्याजी उसनवारी आहे आणि ती देशातल्या सर्वांत रिकाम्या खिशांतून होते आहे. तूट किती, कर्ज किती याची आकडेवारी संसदेपुढे येते. या कर्जाची येत नाही.

ती यावी, हीच आमची मागणी आहे. कर परत करण्यास लागणाऱ्या विलंबावर सरकारने तेच व्याज द्यावे, जे ते कर भरण्याच्या विलंबावर घेते. सार्वजनिक उद्योग तात्पुरता थांबविला, तर त्या तात्पुरतेपणाला तारीख असावी. ती उलटताच एकतर यंत्रे चालावीत, नाहीतर कामगाराचे संपूर्ण देणे त्याच्या हाती पडावे. सवलत द्यावयाची तर ती खरेदीच्या क्षणी द्यावी, परताव्याच्या रूपाने नव्हे. निदान अल्प उत्पन्नाच्या घरांपुरते तरी हे पथ्य पाळले जावे. आणि कोणताही मोठा आर्थिक निर्णय घेण्यापूर्वी, तो स्थिर होईपर्यंतचा काळ कोणत्या धंद्यातल्या कोणत्या घरांनी कशाच्या बळावर काढावयाचा आहे, याचे एक पानभर टिपण अर्थमंत्रालयाने सभागृहापुढे ठेवावे. या मागण्यांपैकी एकीलाही फार मोठी तरतूद लागत नाही. लागते ती गरिबाच्या दिवसाला किंमत आहे, ही जाणीव.

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख आणि राजापूरच्या मतदारांनी लोकसभेत पाठविलेले मधू दंडवते, असे दोन अर्थमंत्री या किनाऱ्याच्या नात्यातले. त्यामुळे अर्थमंत्रालय म्हणजे काही परग्रह आहे असे आम्ही मानीत नाही. तेथे बसणारी माणसे याच देशातल्या घरांतून जातात. मागाच्या धोट्याला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यास निमिषही लागत नाही. मात्र तो धोटा चालविणाऱ्याचे हक्काचे पैसे दिल्लीहून बऱ्हाणपूरला पोहोचण्यास आठ वर्षे आणि इंदूरला पोहोचण्यास तीस वर्षे लागली. ही मुदत कमी करणे, हीच आमच्या मते यापुढची खरी आर्थिक सुधारणा होय. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी काय स्वस्त आणि काय महाग हे पाहून झाले, की वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधीला एवढा एकच प्रश्न विचारावा: हे पैसे आमच्या हाती पडणार केव्हा?